शहरातली बुजरी मुलगी आणि गावाकडचा जोडीदार: ओळख कुठे करायची, काय विचारायचं, काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ठाण्यात वाढलात, वय एकतीस, हिशेबनिसाचं काम बहुतेक घरूनच करता. स्वभाव बुजरा. चार अनोळखी माणसांत तोंडातून शब्द फुटत नाही, अ‍ॅपवरच्या चटपटीत गप्पा तर मुळीच जमत नाहीत. गावात राहणारा, शेती करणारा जोडीदार हवाय, पण कांदेपोह्यांच्या बैठकीतून नको. आधी ओळख व्हावी, जीव जडावा, मग लग्न. गावाकडे जवळचं कोणी नाही. सुरुवात कुठून करायची?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या: तुमच्यामागे रांग लागेल, आणि तोच तुमचा पहिला धोका आहे. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण ८९४ होतं. ती मुलं आता लग्नाच्या वयात येत आहेत. त्यात गावातल्या मुलींनाही नोकरीवाला, पुण्या-मुंबईचा नवरा हवा असतो. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता, तो याच दुखण्यातून. अशा बाजारात ‘शहरातली, नोकरी करणारी, शेतकरी चालेल’ अशी ओळ कुठल्याही वधूवर ग्रुपवर टाकली की संध्याकाळपर्यंत बायोडेटांचा ढीग पडतो. धीट मुलगी त्यातून दोन निवडते आणि बाकीच्यांना सरळ नाही म्हणते. बुजऱ्या माणसाला नाही म्हणवत नाही. ती सगळ्यांना उत्तरं देत बसते, आठवड्याभरात दमते, आणि शेवटी जो सगळ्यात चिकट त्याच्याशी बोलत राहते. असली लग्नं कशी निघतात ते सांगायला नको.

म्हणून जाहिरात करू नका. वधूवर ग्रुप नको, मेळावा नको, ‘कोणी असेल तर सांगा’ असा निरोप दहा नातेवाइकांकडे नको. तुम्हाला गावात आधी ‘स्थळ’ म्हणून नव्हे, कामाच्या नात्याने पोचायचंय.

याचं कारण गावाच्या रचनेतच आहे. अनोळखी तरुण आणि तरुणी शेजारी बसून निवांत बोलतील अशी जागा गावात नसते. पारावर पुरुष, नळावर आणि बचत गटाच्या बैठकीत बायका, देवळात सगळे पण कुटुंबासकट. दोघं एकत्र दिसली की त्याला कारण लागतं, आणि काम हे एकच कारण कोणाला खटकत नाही. बुजऱ्या माणसाच्या हे पथ्यावरच पडतं. हातात काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही, आणि गप्प राहिलं तरी कोणी ‘मुलगी शिष्ट आहे’ म्हणत नाही.

तुमच्याकडे तर असं काम आहे की ज्याची गावात ओढ आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या आता तालुक्या-तालुक्यात आहेत. दहा शेतकरी एकत्र आले की अशी कंपनी नोंदवता येते, पण ती कायद्याने कंपनी असते: दरवर्षी लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा, विवरणपत्रं, वर जीएसटी. खत-बियाण्यांचं दुकान चालवणारे, कांदा-डाळिंब गोळा करणारे संचालक शेतीत पक्के असतात, खतावणीत कच्चे. आठवड्याला दोन-तीन तास टॅली आणि जीएसटीचं काम नाममात्र मोबदल्यात बघते म्हणालात, तर दारं उघडतात. फुकट मात्र करू नका. फुकट करणाऱ्या शहरी माणसाबद्दल ‘हिला नक्की हवंय काय’ अशी शंका येते. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जा, बाकी काम फोनवर. चार-सहा महिन्यांत तुम्ही ‘हिशेब बघणाऱ्या मॅडम’ होता. गावात कोणाशीही काही जुळायच्या आधी तुम्ही कोण, कोणाकडे येता, कशाला येता हे लोकांना ठाऊक झालेलं असावं लागतं. ते या मार्गाने आपोआप होतं.

दुसरी वाट शिक्षणाची. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र असतं. बारामती, नारायणगाव, बाभळेश्वर, जालन्याजवळचं खरपुडी, सिंधुदुर्गात किर्लोस ही त्यातली नावाजलेली. तिथे एक दिवसापासून काही आठवड्यांपर्यंतची प्रशिक्षणं चालतात: शेळीपालन, दुग्धव्यवसाय, अळिंबी, प्रक्रिया उद्योग. मधमाशीपालनासाठी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. निवडताना निकष एकच: निम्मे तरी प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष शेती करणारे असावेत आणि वर्ग एका दिवसाचा नसावा. एका दिवसात धीट माणसाची ओळख होते. बुजऱ्याला तिसरा-चौथा दिवस लागतो, जेव्हा जेवणाच्या रांगेत तेच चेहरे पुन्हा दिसतात.

तिसरी वाट शेतकरी शहरात येतो त्या जागांची. पुण्यातली भीमथडी जत्रा, डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणारं किसान प्रदर्शन, ठाण्या-मुंबईतले आंबा महोत्सव, सोसायट्यांच्या आवारातले शेतकरी आठवडे बाजार. इथे गिऱ्हाईक म्हणून गेलात तर ओळख दोन मिनिटांची. एखाद्या गटाच्या स्टॉलवर पैसे घेण्याचं, क्यूआर कोडच्या नोंदींचं काम तीन दिवस अंगावर घ्या. गर्दी ओसरल्यावर दुपारी दोन ते चार स्टॉलवर जे बोलणं होतं त्याला तोड नाही.

कृषी पर्यटन केंद्राबद्दल बरेच जण विचारतात. जा, जरूर जा, पण गाव समजून घ्यायला. तिथला यजमान तुमच्याशी गोड बोलतो तो त्याचा धंदा आहे. हुरडा, बैलगाडी, चुलीवरचं पिठलं हे तुमच्यासाठी मांडलेलं असतं. त्या घरची सून पाहुण्यांच्या भाकरी थापत पहाटेपासून उभी असते. जमलं तर तिच्याशी दहा मिनिटं बोला.

आता बोलण्याबद्दल. तुम्हाला वाटतं बोलता येत नाही. वास्तविक शेतात राबणारे बरेच पुरुषही तितकेच अबोल असतात, आणि ‘तुमचे छंद काय’ या प्रश्नावर तेही गडबडतात. कामाचं विचारा. ‘वाफसा आला का?’ (म्हणजे ओली जमीन कामाजोगी झाली का), ‘आज दारं धरायला कोण आहे?’ (म्हणजे पिकाला पाणी द्यायला), ‘या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची?’ हे प्रश्न ज्याला विचाराल तो पाच मिनिटं सलग बोलेल, आणि त्या पाच मिनिटांत तो मजुरांबद्दल कसं बोलतो, आईबापांचं नाव कसं घेतो, नुकसान झालं की कोणाला शिव्या घालतो, हे सगळं कळतं. नीट ऐकणं हेच तुमचं भांडवल आहे, ते वापरा. मात्र उत्तर माहीत नसताना माहीत असल्याचा आव आणू नका. ज्वारी-बाजरी ओळखता येत नसेल तर तसं सांगा, हसतील आणि शिकवतील.

फोन कधी करायचा यालाही वेळ आहे. सकाळी पाच ते आठ धारा, डेअरी, मजूर गोळा करणं. संध्याकाळी पाच ते सात पुन्हा तेच. जेवणं आठच्या सुमारास होतात, नऊ-साडेनऊला घर झोपायला लागतं, आणि फोन बहुधा सगळ्यांच्या देखत, कधी स्पीकरवर असतो. तिथे मोकळं बोलणं होत नाही, त्याचा राग धरू नका. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीच्या पाळीला तो विहिरीवर एकटा बसलेला असतो. मनातलं बोलणं होतं ते तिथून. (जुन्नर-आंबेगावकडे ऊस भिजवणारा माणूस असेल तर त्याचं लक्ष निम्मं बिबट्याकडे असतं, तेव्हा फोन मध्येच तुटला तर गैरसमज नको.) लिहून बोलणं तुम्हाला सोपं जात असेल, त्याला व्हॉइस मेसेज सोपा जातो. चिखलाच्या हाताने टाइप होत नाही. दोघांनी आपापल्या पद्धतीने पाठवावं. त्याचा फोटो स्टेटसला ठेवू नका, त्यालाही ठेवू देऊ नका. स्टेटस सगळी भावकी बघते.

एक बारीकसा पेच. गावात कुठल्याही तरुणाला आपण ‘दादा’ नाहीतर ‘भाऊ’ म्हणतो आणि तो ‘ताई’ म्हणतो. चारचौघांत ते चालतं, पण जिथे मन ओढ घेतंय तिथे पहिल्या दिवसापासून ते टाळा. नंतर बदलायला गेलं की दोघंही अवघडतात. नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हणणं पुरेसं आहे. त्याच्या आईला काकू किंवा मावशी, वडीलधाऱ्यांना घरात ज्या नावाने हाक मारतात तेच: अण्णा, तात्या, आप्पा.

पहिल्या दोन भेटी त्याच्या गावात नकोत. तालुक्याच्या गावातही त्याच्या मावशीचं कोणीतरी निघतंच. तो माल घेऊन किंवा कामासाठी वाशीला, पुण्याला येईल तेव्हा सकाळी काम आटोपल्यावर नाश्त्याला भेटा. नऊ-दहाची वेळ उत्तम, दोघांनाही पुढे कामं असतात त्यामुळे तासाभरात भेट आपसूक संपते. तिसऱ्यांदा तुम्ही तिकडे जा, तेही तालुक्याच्या ठिकाणी, दिवसा. हमरस्त्यावरचं मिसळीचं किंवा जेवणाचं चांगलं हॉटेल बघा. पडद्याच्या ‘फॅमिली रूम’मध्ये बसू नका. बाहेर कोणी बघणार नाही म्हणून लोक तिथे बसतात, पण गावाच्या नजरेत त्याचा अर्थ भलता होतो, आणि तुम्हालाही तिथे कोंडल्यासारखं वाटेल. जाण्यायेण्याची सोय स्वतःची ठेवा. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न शेवटच्या गाडीचा असतो. आगारात परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा आधी विचारून घ्या. संध्याकाळी गावात जाणारी गाडी बऱ्याचदा मुक्कामी असते, ती सकाळीच परत फिरते. ‘मी सोडतो की मोटारसायकलवर’ हा आग्रह प्रेमाचा असू शकतो, पण पहिल्या भेटींत परतीसाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका. घरी कोणाला तरी गावाचं नाव आणि गाडीची वेळ कळवून ठेवा. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ महिला मदतीचा क्रमांक फोनमध्ये साठवलेला असू द्या.

त्याच्या घरी जाणं ही मोठी पायरी आहे. शहरात घरी जेवायला जाणं म्हणजे मैत्री, गावात मुलगी घरी जेवून गेली म्हणजे जवळपास ठरलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी चर्चा होते, आणि मोडलं तर तुम्ही ठाण्याला निघून जाल, बोल त्याच्या आईला आणि धाकट्या बहिणीला ऐकावे लागतील. म्हणून जाण्याआधी त्याच्याकडून घरात स्पष्ट सांगून घ्या: ‘आमची ओळख आहे, अजून काही ठरलेलं नाही, कंपनीच्या कामाला येतात तशा येणार आहेत.’ ओटी भरायला, हातात साडी-नारळ द्यायला लागले तर नारळ घ्या, तो पाहुणचार आहे; साडी हात जोडून परत करा.

तुम्ही ‘निवांत प्रेम’ म्हणता. शेतकऱ्याचं निवांतपण पिकावर ठरतं, आणि इथेच शहरातल्या बहुतेक मुलींचा हिरमोड होतो. तो टाळत नसतो, त्याची बाग त्याला सोडत नसते. द्राक्षवाल्याचं वर्ष बघा. ऑक्टोबरच्या आसपास फळासाठीची गोडी छाटणी, तिथून काढणीपर्यंत चार-साडेचार महिने फवारणी, विरळणी, पुन्हा फवारणी. फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने माणूस पहाटे तीनला ट्रॅक्टरवर असतो. त्या काळात त्याने तुमचा वाढदिवस विसरला तर ते लक्षण मानू नका. जानेवारी ते मार्च काढणी आणि व्यापाऱ्यांशी घासाघीस, एप्रिलात काढणीनंतरची खरड छाटणी. जुलै-ऑगस्टमध्ये भेटाल तो माणूस वेगळाच वाटेल, मोकळा आणि हसरा. नाशिक, तासगाव, पंढरपूर कुठेही जा, फरक दोन-चार आठवड्यांचा.

ऊस हे आळशाचं पीक असं शेतकरीच थट्टेने म्हणतात. उसवाल्याकडे वेळ असतो, पण गाळप हंगामात ‘तोड’ (ऊसतोडीची पाळी) आली की तो दोन-तीन दिवस गायब. पैशाचं म्हणाल तर कायद्याने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) मिळायला हवी, अनेकदा ती हप्त्याहप्त्याने येते. म्हणजे घरखर्च महिन्यावर नसून हंगामावर चालतो, हे पगारावर वाढलेल्या माणसाला पचायला वेळ लागतो. उन्हाळी कांदावाला मार्च-एप्रिलात काढणीत, नंतर कांदा साठवायची चाळ भरून भाव बघत बसलेला. लासलगावचा भाव पडला की घरातलं बोलणं बंद होतं. कोकणात जून-जुलै लावणी, ऑक्टोबरात कापणी, थंडी पडल्यापासून आंब्याची फवारणी, मार्चपासून मे अखेरपर्यंत पेट्या. तिथे गणपतीनंतरचे दिवस आणि नोव्हेंबर बरे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीत ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाच्या वेचण्या. फेब्रुवारीनंतर माणूस मोकळा असतो, पण तेव्हा पाण्याची ओढाताण आणि लगीनसराई.

आणि दूधवाला? त्याला वर्षात एकही सुट्टी नाही. पहाटे धार, संध्याकाळी धार, दहा दिवसांनी दुधाचा पगार. दहा गाई असलेल्या माणसाशी लग्न केलंत तर दोघांनी मिळून चार दिवस फिरायला जाणं हा घराघराला समजावून, गडी ठरवून, मगच होणारा कार्यक्रम आहे. पैसा मात्र सगळ्यांत नियमित याच घरात येतो. माझं मत विचाराल तर बुजऱ्या, घरून काम करणाऱ्या बाईला थोडी बाग, थोडं दूध असं मिश्र शेतीचं घर सगळ्यात मानवतं. एका पिकावर उभ्या असलेल्या घरात ताण फार.

गाव बघायचं ते मे महिन्यात. श्रावणात नगरचं माळरानही काश्मीर दिसतं, आणि बहुतेक प्रेमं तिथेच फसतात. मे महिन्यात विहिरीला पाणी किती, टँकर येतो का, हंडे कोण भरतं, दुपारी वीज जाते तेव्हा घरात कुठे बसता येतं, हे दिसतं. दुसरी फेरी मुसळधार पावसात: वस्तीपर्यंत गाडी जाते की शेवटचा किलोमीटर चिखलातून? घर गावठाणात आहे की मळ्यात, हा फरक तर फारच मोठा. गावठाणात शेजार आहे आणि नजरा आहेत. मळ्यात एकांत आहे, पण रात्री नवरा दारं धरायला गेला की तुम्ही, म्हातारी सासू आणि कुत्रं. बुजऱ्या माणसाला मळा आवडेल असं वाटतं. पहिल्या वर्षी तोच अंगावर येतो.

मुक्कामाला त्याच्या घरी राहू नका. जवळचं कृषी पर्यटन केंद्र, प्रशिक्षण केंद्राचं वसतिगृह किंवा कंपनीतल्या एखाद्या संचालिकेचं घर बघा. एक पूर्ण आठवडा, सोमवार ते शनिवार, तिथून ऑफिसचं काम करून बघा. सकाळी दहाचा व्हिडिओ कॉल टिकतो का? वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती तास चालतो, आणि टॉवरचीच बॅटरी किती वेळ टिकते? घरात दिवसा दार लावून बसायला मिळेल का? हा शेवटचा प्रश्न नेटवर्कपेक्षा अवघड आहे. गावात दिवसा दार लावलेलं घर म्हणजे कोणीतरी आजारी किंवा भांडण. ‘सून दार लावून कॉम्प्युटरवर बसते’ हे सासूला शेजारणीला समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगायची तिची तयारी आहे का, ते आधीच कळायला हवं.

आता कागद. प्रेमात सातबारा कुठे आला असं वाटेल, पण ‘आमची पंधरा एकर आहे’ हे वाक्य नव्वद टक्के खरं असलं तरी उरलेल्या दहात संसार अडकतो. भूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक किंवा नाव टाकून उतारा नुसता बघायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. दोन कागद बघा. आठ-अ म्हणजे त्या गावात त्या खातेदाराच्या नावावर एकूण किती जमीन, आणि सातबारा म्हणजे त्या त्या गटात काय. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं: १०० आर म्हणजे एक हेक्टर, एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, आर आणि गुंठा ढोबळमानाने सारखेच धरा. नावांच्या रकान्यात आजोबा, तीन चुलते आणि दोन आत्या सामाईक दिसल्या तर पंधरा एकर वाटण्या होऊन किती उरते ते तुम्हीच काढा, हिशेबाचं काम तुमचंच. आत्यांचे हक्क सोडलेत का, वाटणीचा वाद न्यायालयात आहे का, ते फेरफाराच्या (मालकी बदलल्याच्या) नोंदींवरून आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावरून कळतं. त्याच रकान्यात गावच्या सहकारी सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा असतो. बोजा दिसला म्हणून दचकू नका, पीककर्ज जवळपास प्रत्येकाला असतं आणि मार्चअखेर ‘नवं-जुनं’ करून, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचलून, चालू राहतं. दचकायचं ते थकबाकीला, आणि जे कागदावर येत नाही त्या सावकाराच्या देण्याला.

तेवढ्यासाठी गावात तीन ठिकाणं आहेत: खत-औषधांचं दुकान (उधारी किती वर्षांची), डेअरी (दूध नियमित घालतो का), आणि आशाताई किंवा अंगणवाडी सेविका. या दोघी प्रत्येक घरात जातात. दारूचं, मारहाणीचं, मोडलेल्या लग्नाचं त्यांना ठाऊक असतं. तुम्ही स्वतः विचारू नका, गावभर होईल. कंपनीतल्या एखाद्या प्रौढ बाईला विचारायला सांगा. विचारणाही थेट नको, ‘घर कसं आहे?’ एवढीच. उत्तराआधी किती वेळ गप्प राहिल्या, ते ऐका.

उलट बाजूही आहे. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात साधारणपणे शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘आधी एकरभर जमीन घेते, मग तिथे माणूस शोधते’ असा बेत असेल तर तो सोडा.

त्याला स्वतःला विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण टाळता येणारे नाहीत. तुला इथेच राहायचंय का? हा पहिला. काही मुलांना शहरातली मुलगी हवी असते ती शहरात जायला वाट मिळावी म्हणून. तुम्ही गाव शोधताय आणि तो तुमच्यात ठाणे शोधतोय, हे दोन वर्षांनी कळण्यात अर्थ नाही. माझ्या पगाराचं काय? घरातलं कर्ज सुनेच्या पगारातून फेडायचं मनात असेल तर तेही बोलून होऊ दे. मजुरांचा स्वयंपाक, गोठा, सणवार, पाळीच्या दिवसांतला विटाळ या घरात कसा आहे? विटाळाचा प्रश्न लाजून टाळला जातो आणि पहिल्याच महिन्यात उभा राहतो. त्याला लिहून विचारा, तोंडाने जमत नसेल तर. चूल वेगळी मांडायची वेळ आली तर तो कोणाशी बोलेल, ते मात्र समोरासमोर विचारा.

पैशाची मागणी कुठल्या रूपात येते तेही सांगून ठेवतो. ‘ठिबकचं अनुदान अडकलंय, पंधरा दिवसांत देतो’, ‘ट्रॅक्टरचा हप्ता’, ‘आईचं ऑपरेशन’. यातलं काही खरंही असेल. तरी लग्नाआधी उसने देऊ नका, हमीदार होऊ नका, तुमच्या नावावर मोबाईल किंवा गाडी घेऊ देऊ नका. भिडस्त माणसाने यासाठी एक ठरीव वाक्य पाठ करून ठेवावं: ‘घरात विचारल्याशिवाय मी पैशाचा व्यवहार करत नाही.’ गावाला हे वाक्य पटतं, कारण तिथेही तीच रीत आहे. नकारासाठीही असंच एक: ‘तुम्ही माणूस चांगले आहात, पण माझं मन घेत नाही, तेव्हा पुढे नको.’ कारणं देऊ नका. कारण दिलं की समोरचा ते दूर करायला बसतो. ‘बघू’, ‘नंतर सांगते’ हे शब्द तर वापरूच नका. गावात त्याचा अर्थ होकार असा धरला जातो आणि चार महिन्यांनी मावशी सुपारी घेऊन दारात येते.

जात हा विषय तुमच्या प्रश्नात नव्हता, पण तो येणारच. मुलगा म्हणेल ‘आमच्याकडे तसं काही नाही’, आणि तो खरंच तसा असेल. त्याला एवढंच विचारा: तुझ्या भावकीत अशी लग्नं झालीत का, आणि त्या जोडप्याला लग्नकार्याला बोलावतात का? उत्तर तिथे आहे. गाव किंवा जातपंचायत वाळीत टाकायची भाषा करत असेल तर महाराष्ट्रात २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे आणि तो गुन्हा आहे. लग्न विशेष विवाह कायद्याने करायचं ठरलं तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवसांचं वास्तव्य लागतं, नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं आणि लग्नाला तीन साक्षीदार हवेत. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, म्हणजे लपून काही राहत नाही. घरच्यांना सांगायचं असेल तर फलकाआधी सांगा. विरोध धमकीपर्यंत जाईल असं वाटत असेल तर नोटीस ठाण्यात द्या, पण तो कायमचा दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याच्या कार्यालयातही लागते, हे धरून चाला.

वेळापत्रक म्हणाल तर काम सुरू केल्यापासून पहिले चार-सहा महिने फक्त ओळखी. मग एका माणसाशी, फार तर दोघांशी, फोनवर बोलणं. त्यानंतर एक पूर्ण पीकचक्र, म्हणजे त्याचा गडबडीचा हंगाम आणि मोकळा हंगाम दोन्ही बघून होईपर्यंत, साखरपुड्याची तारीख धरू देऊ नका. घाई तिकडून होईल: तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि ‘या वर्षी उरकून टाकू’ असा धोशा लागतो. यात्रेचा दिवस पाहुणी म्हणून जायला छान, सगळा गाव भेटतो, पण त्या दिवशी घरच्यांशी काही ठरवायला बसू नका. मुंबई-पुण्याचे चुलते आलेले असतात, आणि ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांचाच आवाज तेव्हा मोठा असतो.

लग्न झाल्यावर दोन कामं लगेच करा. ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी, आणि सातबाऱ्याचं. नवरा हयात असताना बायकोचं नाव जमिनीवर आपोआप लागत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने यासाठीच लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, आणि पुढे शासनानेही ती योजना म्हणून स्वीकारली: नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला तर त्याच्या नावच्या जमिनीला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. जमीन अजून सासऱ्यांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर हे आधी वाटणी झाल्याशिवाय होत नाही. म्हणून याचा विषय साखरपुड्याआधी काढा. त्या वेळी हसून ‘करू की’ म्हणणारा आणि तलाठ्याचं नाव, त्याचा सज्जाला (कार्यालयात) बसायचा वार सांगणारा, या दोघांत फरक आहे.